आत बिऱ्हाड आहे

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला, शंकरपार्वतींनी द्यूताचा पट मांडला आणि त्यात शंकर हरले, अशी जुनी कथा आहे. त्या दिवशी घटकाभर तरी द्यूत खेळावे, असा संकेतच पडून गेला आहे. आमच्या घरी हा संकेत सोंगट्यांवरून पत्त्यांवर आणि पत्त्यांवरून नातवंडांच्या हातातील मोबाइलवर आला. पण पाळला जातो. तेव्हा दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे खेळावरच्या एका पुस्तकाची चर्चा मांडली, तर ती अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

पुस्तक आहे रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचे 'दि इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन'. १९८४ साली ते निघाले. चाळीस वर्षे उलटून गेलेल्या पुस्तकाचे परीक्षण आज कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, पुस्तक जुने झाले असले तरी त्यातली उपमा जुनी झालेली नाही. दोन प्राणी, दोन राष्ट्रे, दोन भाऊ, कोणाचेही सख्य अथवा वैर समजावून सांगावयाचे झाले की लोक अजून याच पुस्तकातला पट काढून बसतात. मी आयुष्यभर वाङ्मय शिकविले. गणितात अथवा जीवशास्त्रात मला गती नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु उपमा तपासणे हा माझा धंदाच होता, आणि या पुस्तकाची मध्यवर्ती उपमा एका ठिकाणी उसवते असे मला पहिल्या वाचनापासून वाटत आले आहे. उसवते ती अंजीर-उंबरांच्या झाडाखाली.

उपमा अशी. एका गुन्ह्यातले दोन साथीदार निरनिराळ्या कोठड्यांत ठेवले आहेत. दोघांनी तोंड बंद ठेवले तर दोघांचेही बरे होते. एकाने दुसऱ्याला दगा दिला तर दगा देणाराची चंगळ आणि गप्प बसणाराचे वाटोळे. दोघांनीही दगा दिला तर दोघेही फसतात, पण गप्प राहून फसणाराइतके नव्हे. ॲक्सेलरॉड यांनी याला गुण दिले आहेत: दोघे एकमेकांशी इमान राखतील तर प्रत्येकी ३, दोघे दगा देतील तर प्रत्येकी १, आणि एकच दगा देईल तर त्याला ५ व दुसऱ्याला शून्य. डाव एकदाच खेळावयाचा असेल तर समोरचा काहीही करो, दगा देणेच फायद्याचे पडते. पण तीच माणसे तोच डाव पुनःपुन्हा खेळणार असतील तर? मग आजच्या चालीवर उद्याची सावली पडते, आणि इमानाला किंमत येते.

हे पाहण्यासाठी त्यांनी एक सामना भरविला. या विषयातल्या जाणत्यांनी आपापल्या युक्त्या संगणकाच्या भाषेत लिहून पाठवावयाच्या आणि प्रत्येक युक्तीने प्रत्येकीशी दोनशे चालींचा डाव खेळावयाचा. चौदा युक्त्या आल्या. जिंकली ती सर्वांत आखूड. पहिल्या चालीला इमान राखावयाचे, पुढे समोरच्याने मागच्या वेळी जे केले तेच आपण करावयाचे, बस्स. ती पाठविणारे ॲनातोल रॅपोपोर्ट तरुणपणी पियानोवादक होते. साथीला बसलेल्या माणसाकडे कान देऊन पुढचा सूर टाकण्याची सवय त्यांना तेव्हापासूनचीच असावी, असा माझा आपला तर्क. निकाल जाहीर करून पुन्हा सामना झाला; या वेळी सहा देशांतून बासष्ट युक्त्या आल्या, आणि पुन्हा तीच जिंकली. यातली खरी गंमत अशी की, ही युक्ती समोर बसलेल्या कोणाहीपेक्षा एकही गुण जास्त मिळवू शकत नाही. प्रत्येक डावात फार तर बरोबरी, आणि सामना मात्र तिचा!

या युक्तीला आपल्याकडे 'जशास तसे' म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो बरोबर वाटत नाही. आपले 'जशास तसे' समोरच्याच्या वाईट वागण्यापासून सुरू होते. रॅपोपोर्ट यांचे स्वतःच्या चांगल्या वागण्यापासून सुरू होते. आमच्या म्हणीत परतफेड आहे, पहिली फेड नाही.

येथपर्यंत पुस्तक फार सुरेख आहे. भाषा सरळ, पांडित्याचा दिमाख नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांत समोरासमोर अडकलेल्या सैनिकांनी वरिष्ठांची नजर चुकवून एकमेकांना कसे जगू दिले, त्यावरचे चौथे प्रकरण तर कोणत्याही कादंबरीच्या तोडीचे आहे. तेथे उपमा तंतोतंत बसते. दोन्हीकडे माणसेच; दोघांच्या हातात बंदुकाच; दोघांनाही मरण सारखेच; आणि तीच तुकडी महिनोन्‌महिने समोर.

पुढच्या, म्हणजे पाचव्या प्रकरणात हा पट जीवसृष्टीवर अंथरला आहे. हे प्रकरण विल्यम हॅमिल्टन या थोर जीवशास्त्रज्ञाच्या जोडीने लिहिलेले. त्याचा मूळ लेख १९८१ सालचा. खेळाचे गणित प्राण्यांकडे नेण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली, एकाच जातीचे दोन नर भांडताना एकमेकांचा जीव सहसा का घेत नाहीत, याचे उत्तर अशाच कोष्टकातून काढले. मेनार्ड स्मिथ हे हॉल्डेन यांचे शिष्य. तेच हॉल्डेन, जे १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले. प्राइस यांची कथा त्याहून विलक्षण. परोपकाराचे गणित मांडणाऱ्या या माणसाने जवळचे होते नव्हते ते लंडनच्या बेघरांना वाटून टाकले आणि १९७५ च्या आरंभी दारिद्र्यातच त्याचा अंत झाला. असो. मुद्दा एवढाच की, हे कोष्टक जन्मले ते एकाच जातीच्या दोघांसाठी. हरणासमोर हरीण, दोघांना शिंगे, दोघांना तीच चाल. दोन भिन्न जातींसमोर ते ठेवताना आपण काय गृहीत धरतो आहोत, हे पाहावयास हवे होते.

पाचव्या प्रकरणाला श्रेय द्यावे तेथे दिलेच पाहिजे. आपल्या आतड्यात जंतू असतात. एरवी निरुपद्रवी, काही तर उपकारक. आतड्याला भोक पडले की तेच जंतू उलटतात. लेखक सुचवितात की, घर आता टिकत नाही असे झाल्यावर इमान राखण्याचे कारण उरत नाही. उद्याची सावली आखडली की आजचा दगा स्वस्त होतो. जंतूला बुद्धी नाही, आठवण नाही. तरीही निवडीच्या चाळणीतून हे वागणे त्याच्या अंगी उतरू शकते. ही कल्पना मला आजही थरारून सोडते. एकाच जागी राहणारे भागीदार पुनःपुन्हा भेटतात, म्हणून त्यांना एकमेकांची ओळख पटण्याचीही गरज नसते, हे त्यांचे म्हणणेही मोलाचे आहे.

आणि मग, दोनचार ओळींत, येतो अंजीर वर्ग.

आता थोडे घरचे सांगतो. कोकणात आमच्या परसाच्या कडेला उंबराचे झाड होते. त्याच्याखाली पडलेली फळे आम्ही पोरे दगडाने फोडीत असू. फोडले की आतून तिळाएवढे किडे भुर्रकन उडत. जुन्या मराठीत त्यांना केंबरी म्हणत, आणि कोणाची झाकलेली उणी बाहेर काढणे याला उंबर फोडून केंबरी काढणे. आजी ओरडे, "फोडू नकोस रे मेल्या, आत बिऱ्हाड आहे!" औदुंबर म्हणजे दत्तमहाराजांची जागा, म्हणून ती म्हणते असे आम्हाला वाटे. तिच्या या शब्दाची किंमत मला ॲक्सेलरॉड वाचताना कळली.

क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. उंबराला फुले असतात, शेकडो असतात. पण ती ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आत, भिंतीला चिकटून, अंधारात. त्या घराला एकच इवलेसे दार. केंबऱ्याची मादी या दारातून आत घुसते तेव्हा वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख गळून पडतात. ती परत जाणार नाही. येताना छातीवरच्या खिशासारख्या खोबणीत तिने दुसऱ्या उंबरातले पराग भरून आणलेले असतात; ते ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. अंडी पडली त्या फुलांत बी धरत नाही, तिची पिल्ले वाढतात. उरलेल्यांत झाडाचे बी धरते. पिल्लांतले नर बिनपंखी. ते आधी बाहेर येतात, माद्यांशी संग करतात, त्यांच्यासाठी भिंतीला बोगदा खणतात आणि घराबाहेरचे जग नीट न पाहताच संपतात. पराग भरून घेतलेल्या माद्या त्या वाटेने उडतात. आयुष्य एकदोन दिवसांचे, तेवढ्यात दुसरे योग्य वयाचे उंबर गाठावयाचे. या केंबऱ्यांवाचून उंबराला बी नाही, आणि उंबरावाचून केंबऱ्याला घर नाही.

ॲक्सेलरॉड आणि हॅमिल्टन म्हणतात की, एखादी मादी पुरेसे पराग न घालता जवळजवळ सर्व फुलांत अंडीच घालू लागली, तर झाड ते कोवळे फळ गाळून टाकते आणि तिची सारी प्रजा मरते. दग्याला दग्याची परतफेड, असे त्यांना दाखवावयाचे आहे. पण थांबा. पुस्तकाचा सारा डोलारा ज्या खांबावर उभा आहे तो खांब म्हणजे पुनःपुन्हा होणारी भेट. ही मादी पुन्हा कोठे भेटते? ती एकदाच आत येते. तिला दुसरी चाल नाही, तिच्या आजच्या वागण्यावर उद्याची सावली पडावयाला तिला उद्याच नाही. शिक्षा होते ती तिच्या लेकरांना, आणि ती होते त्याच डावात. झाडाला आठवण ठेवावी लागत नाही; कोण आले, मागच्या वेळी काय केले, याची वही लागत नाही. घर त्याचे आहे, भिंत त्याची आहे, देठ त्याच्या हातात आहे. हे दोन कैदी नव्हेत. हा घरमालक आणि हे बिऱ्हाड.

लेखकांवर अन्याय नको. दोघांचे लाभ सारखे असलेच पाहिजेत असे नाही, ते एका मापाने मोजता येण्याचीही गरज नाही, असे ॲक्सेलरॉड यांनी स्वच्छ लिहिले आहे. पण प्रश्न लाभाचा नाही, चालींचा आहे. केंबऱ्याला झाड गाळून टाकता येत नाही. मला नवल वाटते ते हॅमिल्टन यांचे. या माणसाने ब्राझीलमध्ये अंजीर वर्गातली फळे फोडून आतल्या बिनपंखी नरांच्या जीवघेण्या मारामाऱ्या पाहिल्या होत्या आणि त्यावर १९७९ साली लिहिलेही होते. त्या अंधाऱ्या घरात तिसरे, चौथे, पाचवे कोण असते हे त्यांच्याइतके फार थोड्यांना ठाऊक होते. आपल्या उंबरावरही असे किडे आहेत की जे आत न शिरता लांब सुईसारख्या अवयवाने बाहेरूनच भिंत भेदून अंडी घालतात. पराग आणीत नाहीत, काही देत नाहीत. झाडावरच्या मुंग्या त्यांना आणि केंबऱ्यांनाही टिपतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांचे सहकारी यांनी उंबरावरच्या या साऱ्या गोतावळ्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. दोघांच्या कोष्टकात या मंडळींना बसावयाला पाटच नाही.

पुढच्या संशोधनाने ही शंका पोकळ नव्हती असे दाखविले. यांडर आणि हेर या दोघांनी पनामात अंजीर वर्गातल्या झाडांच्या व त्यांच्या किड्यांच्या सहा जोड्या घेऊन मुद्दाम बिनपरागाच्या माद्या फळांत सोडल्या. निकाल २०१० साली आला. ज्या जातीत मादी कष्ट घेऊन पराग गोळा करते त्या जातीची झाडे अशी फळे गाळतात, नाही तर त्यांतली पिल्ले कमी निपजतात. ज्या जातीत पराग आपसूकच अंगाला चिकटून येतात तेथे झाड दंड करीत नाही; कष्टच नाहीत तर चुकारपणा कसला? आणि दंडाचा धाक जेथे सैल, तेथे परागाशिवाय येणाऱ्या माद्या जास्त सापडल्या.

शेतकरी वाचकांना जवळचे उदाहरण सोयाबीनचे. मुळांवर गाठी असतात, गाठींत जंतू; ते हवेतला नायट्रोजन झाडाला लागू पडेल असा करून देतात आणि मोबदल्यात झाड त्यांना पोसते. कायर्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन जवळजवळ सगळा काढून जागी आर्गॉन भरला. बिचाऱ्या जंतूंनी मनात आणले तरी भाडे देता येऊ नये अशी ही व्यवस्था! झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आखडला आणि आतल्या जंतूंची वाढ सुमारे निम्म्यावर आली. येथेही तोच प्रकार: भाडे थकले, पाणी तोडले.

समुद्रातला एक मासा मात्र हे चित्र जरा गुंतागुंतीचे करतो, आणि म्हणून मला तो आवडतो. प्रवाळांच्या रांगांत बोटभर लांबीचा एक सफाईवाला मासा दुकान मांडून बसतो. मोठे मासे त्याच्याकडे येऊन अंगावरचे किडे टिपून घेतात. त्याला स्वतःला किड्यांपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप अधिक आवडतो. तो चोरून चावणे हा त्याचा दगा. रेदुआं बशारी यांनी तांबड्या समुद्रात पाहिले ते असे की, ज्या माशांचा वावर मोठा, ज्यांना दुसऱ्या दुकानी जाता येते, ते फसवणूक झाली की सरळ दुसरीकडे जातात. आणि सफाईवाला अशा गिऱ्हाइकांना रांगेत आधी घेतो. ज्यांची हद्द लहान, ज्यांना हेच एक दुकान, त्यांना ताटकळावे लागते. फसविले तर ते त्याच्यामागे धावून त्याला पिटाळतात. दुकान तेच, मालक तोच, पण दोन गिऱ्हाइकांचे दोन खेळ! 'दुसरीकडे जाता येणे' ही ताकद कैद्यांच्या गोष्टीत असूच शकत नाही, कारण कोठडीला दार नसते.

माझे म्हणणे खेळाचे गणित फोल आहे असे मुळीच नाही. उलट, दोन जातींची विषमता त्याच गणिताने किती खोल पाहता येते, याचा एक नमुना बर्गस्ट्रॉम आणि लाखमान यांनी २००३ साली दाखविला. जातीजातींच्या चढाओढीत जागच्या जागी राहण्यासाठीही धावावे लागते, या कल्पनेला व्हॅन व्हॅलेन यांनी १९७३ साली लुई कॅरोलच्या गोष्टीतल्या, बुद्धिबळाच्या पटावरल्या तांबड्या राणीचे नाव दिले होते. बर्गस्ट्रॉम आणि लाखमान यांनी त्या गोष्टीतला झोपलेला तांबडा राजा उठविला. अथवा असे म्हणू की झोपूच दिला. चढाओढीत जो झपाट्याने बदलतो त्याची सरशी. पण जेथे दोघांचा फायदा आहे आणि तंटा फक्त वाटणीचा आहे, तेथे सावकाश बदलणाराच्या पदरात मोठा वाटा पडू शकतो. तो हलत नाही, म्हणून दुसऱ्याला त्याच्या सोयीने वळावे लागते. उंबराला फळावर यायला वर्षे लागतात. केंबऱ्याच्या एका वर्षात कितीतरी पिढ्या होतात. घासाघीस करताना ज्याला घाई आहे तोच भाव सोडतो, हे आपल्या बायकांना मंडईत केव्हाच उमगले आहे. अशी मांडणी पाहिली की वाटते, पाचव्या प्रकरणाला हवा होता तो पट हा.

मग मी एवढा अडून का बसलो? शब्दांमुळे. महाराष्ट्रात 'सहकार' म्हटले की प्रवरानगरचा साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो, सभासद येतात, एका माणसाला एक मत येते. झाड आणि किडा यांच्या व्यवहाराला आपण तेच नाव देतो, आणि मग न कळत उलट्या दिशेने प्रवास सुरू होतो: निसर्गातच असे आहे, तेव्हा माणसांनीही असेच वागावे. ॲक्सेलरॉड यांच्या शेवटच्या प्रकरणांत उपदेश आहे: हेवा करू नका, आधी दगा देऊ नका, परतफेड करा, फार हुशारी करू नका. बरोबरीच्या दोघांसाठी याहून शहाणा उपदेश मी वाचलेला नाही. पण ज्याच्या हातात देठ आहे त्याला, आणि ज्याचे पंख दारातच गळाले त्याला, हाच उपदेश एका दमात कसा करावा? मालकाने दगा दिला तर कुळाने कशाची परतफेड करावयाची? नव्या सुनेने पहिल्या दिवसापासून चाली मोजावयाच्या म्हटल्या, तरी पट कोणी मांडला आहे? कोष्टकातले ५, ३, १ आणि शून्य हे आकडे निसर्ग लिहून देत नाही. ते लेखक लिहितो, आणि तेथेच अर्धा निकाल लागलेला असतो. गोष्ट सांगणाराने पात्रे बरोबरीची ठरविली की शेवट आपोआप न्यायाचा वाटू लागतो. आमच्या कथालेखकांनीही ही चलाखी काही कमी वेळा केलेली नाही.

तरीही हे पुस्तक घरात असावे. मुलांना सामन्याचे प्रकरण वाचावयास द्यावे. पाडव्याला पत्ते बाजूला ठेवून कागद-पेन्सिलीने तो खेळ दोघादोघांनी दोनशे चाली खेळून पाहावा, रात्र बरी जाते. मोठ्यांनी खंदकाचे प्रकरण वाचावे. पाचवे मात्र जवळ उंबर असेल तर त्याच्याखाली बसून वाचावे, आणि एखादे फळ फोडून पाहावे. फोडताना तोंड जरा मागे ठेवावे, म्हणजे झाले.